न बदललेला नंबर

१०३९२४२३. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीच्या काही मोटारींमधल्या इग्निशन स्विचचा हा पार्ट नंबर. किल्ली फिरवली की गाडीला वीज देणारा, मुठीत मावेल एवढा हा सुटा भाग. २००६ साली त्याच्या पोटातला एक तुकडा बदलला. तो बदल कागदावर मंजूर झाला, सही झाली, नवे स्विच गाड्यांत बसू लागले. नंबर मात्र तोच राहिला. आधीचे कच्चे स्विच असलेल्या लाखो गाड्या त्यानंतर आणखी आठ वर्षं रस्त्यावर धावत होत्या, आणि त्या का दगा देतात हे शोधणाऱ्या कंपनीच्याच अभियंत्यांना उत्तर सापडत नव्हतं. या दोषाच्या नुकसानभरपाईसाठी पुढे जो निधी उभारला गेला, त्याने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

मोटारींच्या रिकॉलविषयी, म्हणजे विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलावण्याविषयी, मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचतो आहे. चौकशी अहवाल, संसदीय समित्यांसमोरच्या साक्षी, न्यायालयात दाखल झालेली कागदपत्रं. या सगळ्यात हा न बदललेला नंबर माझ्या मनातून जात नाही. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी हकीकत.

कायदा आला कसा

रिकॉलचा कायदा प्रथम अमेरिकेत झाला, आणि योगायोग असा की त्याच्या मुळाशीही जनरल मोटर्सच होती. १९६५च्या अखेरीस राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण कंपनीच्या शेव्हरोले कॉरव्हेर गाडीवर होतं. कंपनीने नेडर यांच्यामागे खासगी हेर लावले. ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाहन सुरक्षेचा कायदा झाला. गाडीत सुरक्षेशी संबंधित दोष आढळला तर मालकांना कळवणं कंपनीवर बंधनकारक झालं. दोष फुकट दुरुस्त करून देण्याचं बंधन १९७४च्या दुरुस्तीने आलं. पुढे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचं प्रकरण झालं आणि २०००च्या कायद्याने कंपन्यांना मृत्यू आणि दुखापतींच्या दाव्यांची माहितीही सरकारला पाठवणं भाग पडलं.

या सगळ्या कायद्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कोणत्या गाडीत कोणता भाग बसला, तो कोणत्या दिवसापासून कसा होता, हे कंपनीला ठाऊक आहे. दोष सापडला की या नंबरापासून त्या नंबरापर्यंतच्या गाड्या बोलवा, असं सांगता आलं पाहिजे. म्हणजे रिकॉल कंपनीच्या नोंदवहीवर उभा असतो. नोंदवही खोटी असेल तर कायदा कितीही कडक असो, त्याला हात घालायला जागा उरत नाही.

एक स्प्रिंग, एक प्लंजर

आता तो स्विच. किल्लीच्या चार जागा असतात: बंद, ॲक्सेसरी, चालू आणि स्टार्ट. किल्ली ‘चालू’वर फिरवल्यावर तिथेच राहावी म्हणून स्विचच्या आत स्प्रिंगने दाबलेला एक छोटा प्लंजर असतो, तो खाचेत बसतो. खाच सोडवायला किती जोर लागावा, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं: २० न्यूटन-सेंटिमीटर, पाच कमी किंवा पाच जास्त. सोप्या भाषेत सांगायचं तर स्विचच्या मध्यापासून दहा सेंटिमीटरवर साधारण दोनशे ग्रॅम वजन टांगलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा. किमान मर्यादा दीडशे ग्रॅमची. डेल्फी या पुरवठादार कंपनीने बनवलेले स्विच या किमान मर्यादेच्याही खूप खाली भरत होते. तरी २००२ साली जनरल मोटर्सचे या भागाचे अभियंते रे डिजॉर्जिओ यांनी ते मंजूर केले.

त्यांनी असं का केलं असेल? पुढच्या चौकशीत जे दिसलं ते कुठल्याही कारखान्यात दिसेल असंच आहे. त्या दिवसांत या स्विचच्या विजेच्या बाजूने त्यांचा जीव खाल्ला होता. त्यांचं लक्ष, वेळ, पत्रव्यवहार सगळा त्यातच अडकला होता. या स्विचला वैतागलोय, अशा अर्थाची सही त्यांनी एका ईमेलखाली केली होती. एका दुखण्याकडे धावताना दुसरं कमी महत्त्वाचं वाटलं.

हे स्विच २००३च्या सॅटर्न आयन आणि २००५च्या शेव्हरोले कोबाल्ट या गाड्यांत बसले. जुडग्याला चार किल्ल्या जास्त असल्या, चाक खड्ड्यात आदळलं किंवा चालकाचा गुडघा लागला, की किल्ली ‘चालू’वरून ‘ॲक्सेसरी’वर घसरायची. इंजिन बंद. स्टिअरिंग जड. ब्रेकला मिळणारी मदत बंद. आणि सर्वांत वाईट म्हणजे, एअरबॅगही बंद. उभ्या गाडीत एअरबॅग उगाच उघडू नयेत म्हणून किल्ली ‘ॲक्सेसरी’वर असताना त्या उघडणार नाहीत, अशी रचना कंपनीनेच केली होती. ज्या अभियंत्यांकडे इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी जात, त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याच कंपनीच्या या रचनेची कल्पना नव्हती.

सोय की सुरक्षा

म्हणून तक्रारींचं वर्गीकरण चुकलं. चालती गाडी बंद पडली तरी चालक ती बाजूला घेऊ शकतो, तेव्हा हा ‘ग्राहकाच्या सोयी’चा प्रश्न आहे, सुरक्षेचा नाही, असं ठरलं. एकदा तो खण ठरला की पुढचं सगळं त्या खणाच्या हिशेबाने झालं. २००५ साली दुरुस्तीचे पर्याय मांडले गेले, पण सोयीच्या प्रश्नासाठी एवढा खर्च आणि वेळ परवडत नाही म्हणून ते मागे पडले. प्रत्येक गाडीमागे खर्च किती? डॉलरभराच्या आतबाहेर.

डिसेंबर २००५मध्ये डीलरांना एक पत्रक गेलं. ग्राहकाला सांगा, जुडग्यातून जड वस्तू काढा. लागलंच तर किल्लीच्या लांबट भोकात बसवायला एक छोटा तुकडा द्या, म्हणजे भोक गोल होईल आणि जुडगं इकडेतिकडे सरकणार नाही. चालती गाडी बंद पडते, हा नेमका शब्दप्रयोग पत्रकात येणार नाही याची काळजी घेतली होती. तो तुकडा अवघ्या ४७४ मालकांपर्यंत पोहोचला.

त्याच वर्षी जुलैत मेरीलँड राज्यात एका सोळा वर्षांच्या मुलीचा कोबाल्ट झाडावर आदळून मृत्यू झाला होता. एअरबॅग उघडली नव्हती. ऑक्टोबर २००६मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आणखी एका कोबाल्टच्या अपघातात दोन मुली गेल्या. तिथल्या राज्य पोलिसांच्या एका जवानाने केलेला तपास मी पुन्हापुन्हा वाचतो. किल्ली ‘ॲक्सेसरी’वर होती, हे त्याने गाडीतल्या नोंदींवरून पाहिलं, कंपनीचं डिसेंबर २००५चं पत्रक शोधून काढलं, आणि स्विच घसरल्यामुळे एअरबॅग उघडली नसावी असं २००७च्या फेब्रुवारीत आपल्या अहवालात लिहून ठेवलं. जे हजारो अभियंत्यांच्या कंपनीला २०१३पर्यंत उमगलं नाही, ते एका पोलिसाने चार महिन्यांत लिहिलं. हा अहवाल सरकारी यंत्रणेकडे होता. कंपनीच्या फायलींतही होता. पण इंजिन बंद पडल्याच्या तक्रारी एका खणात आणि एअरबॅग न उघडल्याच्या दुसऱ्या खणात अशी वाटणी झाल्यामुळे दोन्ही कागद एका टेबलावर आले नाहीत. सरकारी यंत्रणेनेही २००७च्या अखेरीस, आकड्यांत वेगळा कल दिसत नाही म्हणून, चौकशी उघडली नाही.

दुरुस्ती, पण नोंदीशिवाय

याच्या मधे, एप्रिल २००६मध्ये, ती सही झाली. डेल्फीने सुचवलेला लांब प्लंजर आणि जास्त जोराची स्प्रिंग डिजॉर्जिओ यांनी मंजूर केली. नवा स्विच टणक होता, किल्ली घसरत नव्हती. आजार बरा झाला होता.

पण भागाचा नंबर बदलला नाही. कारखान्यातला साधा नियम असा, की भागाचा आकार, त्याचं बसणं किंवा त्याचं काम यांत फरक पडला, तर त्याला नवा नंबर द्यायचा. जुना आणि नवा एकाच खोक्यात मिसळता कामा नये. इथे काम सरळसरळ बदललं होतं. तरी गोदामात, डीलरच्या फळीवर, संगणकाच्या यादीत दोन्ही स्विच एकच राहिले.

मग कंपनीत एक विचित्र कोडं तयार झालं. एअरबॅग न उघडल्याच्या अपघातांचा तपास करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की हे अपघात २००७पर्यंतच्या गाड्यांचे आहेत. २००८पासूनच्या गाड्यांत ते जवळजवळ थांबतात. म्हणजे मधे काहीतरी बदललं असणार. त्यांनी स्विचबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, स्विचमध्ये काही बदल नाही. नंबर पाहिला तर तोच. त्यामुळे स्विचवरचा संशय उठला आणि तपास वर्षानुवर्षं भलतीकडे फिरत राहिला. ज्या दुरुस्तीने पुढच्या गाड्या वाचवल्या, तिनेच मागच्या गाड्यांचा पुरावा झाकून टाकला. गुपचूप केलेल्या दुरुस्तीचं हे असं असतं. तिला आधी चूक कबूल करावी लागत नाही, म्हणून ती सोपी. आणि चूक कबूल न झाल्यामुळे जिथे दुरुस्ती पोहोचली नाही तिथली चूक तशीच राहते.

मार्च २०१०मध्ये जॉर्जिया राज्यात एका परिचारिकेचा तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी अपघातात मृत्यू झाला. गाडी २००५ची कोबाल्ट. चालता चालता बंद पडते म्हणून काही दिवसांपूर्वीच तिने ती डीलरकडे नेली होती. आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वकिलांनी फ्लोरिडातल्या एका अभियंत्याकडे तपास दिला. त्याने तिच्या गाडीतला स्विच तपासला, पण तो इतका सैल का, हे कळेना. शेवटी डीलरकडून त्याने त्याच नंबरचा नवा स्विच विकत आणला. किंमत साधारण तीस डॉलर. दोन्ही शेजारी ठेवले, क्ष-किरणांखाली पाहिले, उघडून मोजले. नव्या स्विचचा प्लंजर १.६ मिलिमीटरने लांब निघाला.

एप्रिल २०१३मध्ये साक्षीच्या वेळी हा फरक डिजॉर्जिओ यांच्यासमोर ठेवला गेला. आपण असा बदल मंजूर केल्याचं त्यांनी नाकारलं. डेल्फीकडे त्यांच्या सहीचा कागद होता.

हिशेब

पहिला रिकॉल फेब्रुवारी २०१४मध्ये निघाला आणि मार्चअखेर तो जगभरातल्या सुमारे २६ लाख गाड्यांपर्यंत वाढला. या वाढीतही तोच नंबर आडवा आला. जुने स्विच सुटे भाग म्हणूनही विकले गेले होते. ते दुरुस्तीत नेमक्या कोणत्या गाड्यांना बसले, हे नंबरावरून कळायला मार्ग नव्हता. म्हणून २००८ ते २०११च्या गाड्या, ज्यांत कारखान्यातून चांगला स्विच बसला होता, त्याही बोलवाव्या लागल्या. एकट्या अमेरिकेत ८ लाख २४ हजार. काही हजार स्विच शोधण्यासाठी लाखो गाड्या.

कंपनीच्या प्रमुखपदी मेरी बारा यांची नेमणूक नुकतीच, जानेवारीत झाली होती. एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर उभ्या राहिल्या. नंबर न बदलणं कंपनीच्या रीतीत बसत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. माजी सरकारी वकील अँटन वालुकास यांचा चौकशी अहवाल जूनमध्ये आला. बैठकीत सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करत नाही, या सवयीला कंपनीत स्वतंत्र नाव होतं, हे त्यात आहे. २००८च्या एका अंतर्गत प्रशिक्षणात कोणते शब्द लिहू नयेत याची यादी दिली होती, हेही बाहेर आलं. ‘दोष’ लिहू नका, ‘आराखड्याप्रमाणे चालत नाही’ असं लिहा. ‘अडचण’ नको, ‘बाब’ म्हणा. पंधरा जणांना काढलं, त्यांत डिजॉर्जिओही होते. २०१५मध्ये कंपनीने फौजदारी प्रकरणात ९० कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं. कोणत्याही व्यक्तीवर खटला चालला नाही. सुरुवातीला कंपनी १३ मृत्यू सांगत होती. निधीच्या छाननीनंतर तो आकडा १२४ झाला.

दाखवायचं इंजिन

ही दूरदेशची गोष्ट म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येणार नाही. याच कंपनीची शेव्हरोले टवेरा एकेकाळी आपल्याकडच्या प्रत्येक स्टँडबाहेर प्रवाशांची वाट पाहत उभी असे. जुलै २०१३मध्ये, म्हणजे अमेरिकेतलं प्रकरण फुटण्याच्या काही महिने आधी, कंपनीने भारतात १ लाख १४ हजार टवेरा माघारी बोलावल्या. २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या. कारण धुराच्या मर्यादेचं होतं. कमी धूर सोडणारी इंजिनं आधीच हेरून ती तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत बसवली जात होती, अशी कबुली कंपनीने सरकारला दिली. सरकारने त्यावर समिती नेमली.

अमेरिकेत एका नंबराखाली दोन स्विच होते. इथे एका नावाखाली दोन इंजिनं होती, एक तपासनिसासाठी आणि एक गिऱ्हाइकासाठी. दोन्हीकडे गेला तो कागदाचा आणि वस्तूचा मेळ.

त्या वेळी आपल्याकडे रिकॉल सक्तीचा नव्हता. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२मध्ये स्वेच्छेची आचारसंहिता केली होती, तेवढीच. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी आल्या की सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. कंपनीला स्वतःहून दोष कळला तर तिने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा, हेही त्यात आहे. चांगलाच कायदा आहे. पण तक्रारी मोजून दोष ठरवायचा तर त्या एका कारणाखाली एकत्र याव्या लागतात, आणि आपण पाहिलं, की खण चुकले की हजार तक्रारीही वेगवेगळ्या, किरकोळ दिसतात.

माझी सही

आता ते कारण. इतिहास मी कॉलेजात शिकलेलो नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकात मी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होतो. हातात व्हर्निअर आणि गेज, समोर ड्रॉइंग, बाजूला एक लांबट रजिस्टर. आमच्या सुपरवायझर काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “रजिस्टरात चुकलं तर खरवडायचं नाही. एक आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिही आणि सही कर.” दुकानदाराच्या चोपडीचाही हाच नियम. पुढे हौसेने इतिहास वाचू लागलो, तेव्हा बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान देणाऱ्या राजवाड्यांचा आग्रह मला नवा वाटला नाही. तो मी रजिस्टरवर शिकलो होतो.

आणि तरी एकदा मी तो मोडला. एक बुश गिऱ्हाइकाकडे नीट बसत नव्हता. त्यांच्याकडून फोन आला, कडेचा उतार थोडा वाढवा, ड्रॉइंग नंतर पाठवतो. मालक म्हणाले, वाढवा. आम्ही वाढवला. नवं ड्रॉइंग आलं नाही, रिव्हिजन बदलली नाही, चलनावर तोच नंबर. नवे जॉब छान बसत होते, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. काही महिन्यांनी जुने तुकडे कुठेतरी अडकून लवकर झिजू लागले आणि एक लॉट परत आला. जुने किती गेले, कोणत्या तारखेपर्यंत गेले, असं विचारलं गेलं. रजिस्टरात सगळे एकाच नंबरचे. प्रत्येक पानाखाली माझी सही.

कुणाला इजा झाल्याचं आमच्या कानावर आलं नाही. पण आमच्या कानावर येणार तरी कसं? तो बुश ज्या गाड्यांत बसला, त्यांच्या मालकांना आमच्या वर्कशॉपचं नावही माहीत नव्हतं.

म्हणून डिजॉर्जिओ यांची हकीकत वाचताना मला त्यांचा राग पूर्णपणे करता येत नाही. त्यांनी काय विचार केला असेल ते मला कळतं. आता नीट चालतंय ना, मग कशाला जुनं उकरायचं. गुणवत्ता नियंत्रणाची मोठमोठी तंत्रं मी नंतर वाचली, पण त्यांच्या तळाशी मला काकांची ती आडवी रेघच दिसते. चूक झाली, ती अमुक दिवशी सुधारली, आणि त्याआधीचं सगळं संशयास्पद आहे, असं स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं. नवा पार्ट नंबर म्हणजे तेवढंच लिहिणं. ते लिहिलं असतं तर जॉर्जियातल्या त्या मुलीच्या गाडीचा स्विच २०१०च्या कितीतरी आधी बदलता आला असता.

आमचं वर्कशॉप पुढे बंद पडलं. दोन वर्षांपूर्वी, हा लेख मनात घोळत असताना, मी जुन्या मालकांच्या मुलाला फोन केला आणि त्या काळची रजिस्टरं आहेत का विचारलं. तो म्हणाला, “काका, ती तर शेड रिकामी करताना रद्दीत दिली.” ते लॉट कोणत्या गाड्यांत गेले, हे सांगणारा कागद आता कुठेच नाही.